नळ किती खोल?

समजा, भडगावात गिरणाकाठच्या काळ्या मातीत चर खणायचा आहे. खाली पाण्याचा नळ आहे, शेजारी विजेची केबल. कागदी नकाशा त्यांची वाट दाखवील. पण कुदळ किती खोलीवर अडेल? खरी अडचण आहे ती या तिसऱ्या मितीचीच.

भूवेधी रडार जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि नळावरून परतणाऱ्या लहरीला लागलेला वेळ मोजते. लहर 30 नॅनोसेकंदांत परतली असे धरा. (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.) कोरड्या जमिनीत तिचा वेग नॅनोसेकंदाला सुमारे 10 सेंटिमीटर असेल, तर जाऊन-येऊन अंतर झाले 300 सेंटिमीटर, म्हणजे नळ दीड मीटरवर. जमीन ओली असली की वेग 6 सेंटिमीटरवर येतो आणि तोच नळ ठरतो 90 सेंटिमीटरवर! शिवाय आपली काळी माती पडली चिकण. कपाशीसाठी ओल धरणारी ही माती ओली झाली की लहरी गिळूनच टाकते.

म्हणून चर उघडा असतानाच मोजपट्टी लावून खोली नोंदवणे सर्वांत भरवशाचे. प्लॅस्टिकचा नळ धातुशोधक यंत्राला सापडत नाही. त्यासाठी नळाबरोबर तांब्याची तारही पुरतात. 2023 च्या मार्चमध्ये भारत सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खणणाऱ्याने त्यावर आधी कळवायचे, म्हणजे नळ-केबलवाल्यांना सावध होता येते.