चित्र, पोथी आणि सुरणाचा भाऊबंद

लॉस एंजेलिसलगतच्या सॅन मरिनोतलं ‘हंटिंग्टन’ म्हणजे एकाच आवारात ग्रंथालय, कलादालन आणि सुमारे 130 एकर बागा. रेल्वेसम्राट हेन्री हंटिंग्टन आणि पत्नी ॲराबेला यांनी 1919मध्ये ही संस्था स्थापन केली. इथली अनेक व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित होऊन यूट्यूबवर येतात; तिकीट नाही, व्हिसा तर नाहीच.

हे व्हिडिओ बघायला सुरुवात इंग्रज चित्रकार गेन्सबरोच्या ‘ब्लू बॉय’पासून करावी. 1770च्या या चित्राच्या दुरुस्तीचा बराचसा भाग बंद खोलीत नव्हे, तर दालनातच, प्रेक्षकांसमोर झाला. क्ष-किरणांत मुलाच्या पायांजवळ एक झुपकेदार कुत्रा दिसतो. चित्रकारानंच तो रंगवून नंतर झाकून टाकला! मुलाच्या निळ्या सॅटिनच्या पोशाखापेक्षा मला हा कुत्राच जास्त आवडला.

ग्रंथालयात मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चं एल्समिअर हस्तलिखित आणि चर्मपत्रावर छापलेलं गुटेनबर्ग बायबल आहे. विज्ञानकथाकार ऑक्टेव्हिया बटलर यांची कागदपत्रंही इथेच.

बागेचा तारा मात्र टायटन ॲरम, आपल्या सुरणाचा अवाढव्य भाऊबंद. 1999मध्ये तो इथे पहिल्यांदा फुलला. फुलल्यावर कुजक्या मांसासारखी दुर्गंधी सुटते. ती तेवढी व्हिडिओत येत नाही, हे बरंच.