आपण गावाला निघता, कुत्रे कोठे ठेवता?

मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, बैल यांच्या जोडीने तेथे कुत्रीही पाहावयास मिळतात; लांब पायांची, खोल छातीची, पाठीला चिकटलेल्या पोटाची. हीच आपली कारवानी. लातूरकडे चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. अशा कुत्र्याचे मोल विचारणारे पुष्कळ भेटतात. पण धनी आठ दिवस पंढरपूरला किंवा पुण्याला लेकाकडे निघाला, की त्या मुक्या जिवाचे काय करावयाचे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घरात चार माणसे असत, आखाड्यावर सालगडी असे. आता घराला कुलूप लागते, आणि शहरांतून दर दिवसाला पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी ठिकाणे निघाली आहेत.

अशाच एका ठिकाणी मी आमची वाघी ठेवली होती. जागा झाडलेली, मालक गोड बोलणारा. कुंपणाची भिंत माझ्या छातीइतकी. अहो, कारवानीला ती भिंत म्हणजे उंबरठा! तिसऱ्या दिवशी वाघी गेली. लग्न अर्धे टाकून परतलो, दोन तालुके पालथे घातले, ती काही सापडली नाही. त्या माणसाला दोष दिला खरा. पण भिंत मीही पाहिली होतीच की.

तेव्हा पहिले कुंपण पाहा, आणि फाटकाला आत आणखी एक फाटक आहे का ते पाहा. मग कोपऱ्यांत बसून भिंतीच्या भेगा न्याहाळा. गोचिडी तेथे दडतात, आणि त्यांच्यापासून कुत्र्याला ताप येतो. दहा घरची कुत्री एकत्र आली की रोगही एकत्र येतात. ‘पार्वो’ नावाचा एक विषाणू आहे. रक्ताची हगवण लावून तो पिल्लाचा दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो. मातीत तो महिनोन् महिने तग धरतो. म्हणून जो मालक आपल्याकडे लशीचा दाखला मागत नाही, त्याच्याकडे कुत्रे ठेवू नका. त्याने आपल्याला विचारले नाही, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या कुत्र्याच्या धन्यालाही विचारले नसणार!

पिसाळण्याची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे दरसाल द्यावयाची असते. इतर रोगांच्या लशी निघण्याच्या आदल्या दिवशी देऊन भागत नाही. निदान दोन आठवडे आधी द्या. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत, तेथे विचारा.

आता ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकते तेव्हा कोठे अंग निवते. वैशाखात आपल्याकडची पत्र्याची शेड म्हणजे भट्टीच. दुपारी दोन वाजता, न कळवता, जाऊन पाहा. सावली आहे का, पाण्याचे भांडे भरलेले आहे का? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी कोठून येते, हे विचारण्यात लाज कसली? उलट थंडीत, अंगावर चरबी नसलेल्या कारवानीला गोणपाट लागते.

रात्री तेथे माणूस झोपतो का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी नुसते कुलूप असते.

खाणे मात्र घरचेच सांगा. दूध-भाकरीवर वाढलेल्याला एकदम दुकानातले कोरडे खाणे दिले तर पोट बिघडते. खोल छातीच्या कुत्र्याला भरपेट खाऊ घालून लगेच पळवू नये. पोट फुगून पीळ पडतो.

आणि शेजारी विश्वासाचा असेल, तर सरळ त्यालाच सांगा. मी हल्ली तेच करतो. जाण्याआधी चार दिवस त्याच्या हातची भाकर कुत्र्याला खाऊ घालतो, आणि निघताना माझे जुने धोतर त्याच्या अंथरुणात ठेवून येतो.