आंत्रविषाणूंचे नामकरण

आंत्रविषाणू या एका संज्ञेखाली किती भिन्न प्रकृतींचे विषाणू एकत्र आले, हे त्यांच्या नावांवरून ध्यानात येते. १९४८ साली डॉल्डॉर्फ व सिकल्स यांना न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी येथील आजारी मुलांच्या मलात एक नवा विषाणू मिळाला. त्याला त्या गावाचेच नाव पडले. पुढे पेशीसंवर्धनाचे तंत्र रुळले आणि निरोगी मुलांच्या मलातही पेशीनाशक विषाणू सापडू लागले. त्यांच्याशी कोणताही रोग जोडता येईना, म्हणून १९५५ साली त्यांची गणना 'अनाथां'त झाली. 'एको' या आद्याक्षरी नावातील अखेरचा 'ओ' तो हाच. रोगाला विषाणूचा जनक मानणारी ही कल्पना मोठी चमत्कारिक! यथावकाश यांतील अनेकांचा मस्तिष्कावरणदाहाशी संबंध सिद्ध झाला. नाव मात्र पालटले नाही. दहावा एको विषाणू तर या कुळातलाच नव्हे असे ठरून १९५९ साली सेबिन यांनी त्याच्या गटाला 'रिओ' हे नाव दिले. त्यातही 'अनाथ' राहिलाच.

यजमान प्राण्यावरून नाव देण्याची सोयही टिकली नाही. २०१३ साली आंतरराष्ट्रीय समितीने जातिनामांतून 'मानवी', 'गोवंशीय' ही विशेषणे गाळली. त्यास सबळ कारण होते. १९६६ साली इटलीत डुकरांना झालेला फोडांचा रोग हुबेहूब लाळ्या-खुरकुतासारखा होता. त्याचा विषाणू मात्र माणसातील कॉक्सॅकी बी-५ चा निकटचा आप्त निघाला. हा भेद केवळ लक्षणांवरून कळत नाही; प्रयोगशाळेचा निर्णय येईतो कळपाला लाळ्या-खुरकुताचाच संशयित मानावे लागते.