गाभारा, तालीम आणि मतपेटी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं राजकारण समजून घ्यायचं तर पक्षाच्या कार्यालयात जाऊन फारसं काही हाती लागत नाही. तालमीच्या दारातला फळा वाचावा. पाणी कधी येणार, रक्षाविसर्जन किती वाजता, आरतीचा मान कुणाकडे, वर्गणीची मीटिंग कधी आणि महापालिकेवर मोर्चा असेल तर जमायचं कुठं, हे सगळं एकाच खडूनं लिहिलेलं असतं. देवाच्या कामाला एक फळा आणि गावाच्या कामाला दुसरा, अशी वाटणी पेठेनं कधी केली नाही. फिरंगाई, खंडोबा, वेताळ ही तालमींची नावंसुद्धा दैवतांचीच. त्यातली फिरंगाई तर करवीरच्या नवदुर्गांपैकी एक.

त्यामुळे धर्म राजकारणात असावा की नसावा, हा परिसंवादाचा लाडका विषय इथे फार चालत नाही. तो आहेच, सव्वाशे वर्षांपासून आहे. त्याला कोण घेऊन येतं आणि कुणाला जाब विचारायला आणतं, एवढंच पाहण्यासारखं आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की श्रद्धा जेव्हा ओळखीच्या माणसांच्या बैठकीतून रस्त्यावर आली तेव्हा तिनं बहुतेक वेळा वरच्याला प्रश्न विचारला. मोबाईलवरून आली तेव्हा शेजाऱ्याचं दुकान फोडलं.

सुरुवात अर्थात पंचगंगेच्या घाटावर. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे स्नानाला गेले होते. बरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. पुरोहित म्हणत असलेले मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे त्यांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिलं. विचारणा झाल्यावर उत्तर मिळालं की शूद्राला पुराणोक्तच सांगायचं असतं. समोर छत्रपती उभे आहेत आणि भटजी त्यांना शूद्र म्हणतो आहे. त्यातून पेटलेलं वेदोक्त प्रकरण नदीकाठी थांबलं नाही. टिळकांनी ‘केसरी’तून मराठ्यांच्या वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध लिहिलं, राजघराण्याचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांचं वतन १९०२ मध्ये जप्त झालं आणि तक्रार थेट लॉर्ड कर्झनच्या सरकारपर्यंत गेली. तिथेही राजोपाध्यांच्या पदरी काही पडलं नाही.

त्याच १९०२ सालच्या २६ जुलैला, महाराज विलायतेत असताना, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम निघाला. हे आरक्षण आपण सामाजिक न्यायाच्या धड्यात शिकतो आणि वेदोक्त प्रकरण धर्मसुधारणेच्या. दोन्ही एकाच भांडणाचे तुकडे आहेत. गाभाऱ्यात ज्याला मान नाही त्याला कचेरीत खुर्ची मिळणार नाही, हे शाहूंना घाटावर कळलं होतं.

पुढची वीस वर्षं त्यांनी धर्माच्या आघाडीवर एकामागून एक मोर्चे उघडले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, १९१९ मध्ये राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिलं आणि १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. हे शेवटचं पाऊल काही सत्यशोधकांना अजिबात रुचलं नाही. भटजी नको म्हणून भांडलो, मग नवा गुरू कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि तो बिनतोड होता. महाराजांच्या मनात मात्र श्रद्धेचा प्रदेश दुसऱ्यांच्या ताब्यात सोडून राज्य करता येत नाही, हे पक्कं होतं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहं त्यांनी १९०१ पासून उभी केली किंवा त्यांना आधार दिला. मुस्लिम बोर्डिंगच्या संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं, कुराणाच्या मराठी भाषांतरासाठी पैसे दिले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत अस्पृश्यांचे पुढारी म्हणून त्यांनी डॉ. आंबेडकरांचं नाव घेतलं. आज दसरा चौकात उभं राहिलं की ही बोर्डिंगं आजूबाजूला दिसतात. धर्मवार आणि जातवार बांधलेल्या या इमारतींनी पोरं शिकवली, तशी जातवार पुढारीही घडवले. फायदा सांगताना हा खर्चही सांगायला हवा.

शाहूंच्या माघारी ही परंपरा चालवली ती नास्तिकांनी, हा कोल्हापूरचा खास विनोद आहे. माधवराव बागल सत्यशोधकी मुशीतले. प्रजा परिषदेच्या चळवळीचे नेते. ९ डिसेंबर १९५० रोजी त्यांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. पुढच्या पिढीत एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. यांतलं कुणी देवळाच्या रांगेत उभं राहिलं नसेल, पण त्यांच्या मोर्चात चालणारी माणसं सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेली असत. टोलच्या आंदोलनात हे उघड दिसलं. शहरातल्या जेमतेम ४९ किलोमीटर रस्त्यांसाठी नऊ नाके बसले, तसं गाव उठलं. तालमी, मंडळं, फुटबॉल संघ, सगळे आले. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, ते समर्थनीय नव्हतं. पण लढा चालू राहिला आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. पानसरे ते पाहायला नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेल्या पानसरे दांपत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची पुस्तिका शिवाजीच्या नावाच्या पेठेत वाचली जात होती, हे काहींना सलत असणार.

तालीम म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला थोडं सांगितलं पाहिजे. लाल मातीचा हौदा आता अनेक ठिकाणी नावापुरताच उरलाय. पण मारुतीची मूर्ती आहे, गणपती बसतो, आणि कित्येक तालमींत मोहरमला पंजेही बसतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. ज्या तालमींत दोन्ही बसतात तिथे एकाच छताखाली इकडे मूर्ती आणि तिकडे पंजे, मध्ये चार-दोन हातांचं अंतर. आरती संपली की तेच कार्यकर्ते पंजांसमोर ऊद घालायला वळायचे. मोदकाच्या ताटाशेजारी मलिदा आणि चोंगे. चांद्र पंचांगाचा फेरा साधारण ३२-३३ वर्षांनी जुळतो, म्हणून ज्येष्ठांना १९८६ च्या सुमाराचा असाच प्रसंग आठवत होता आणि ‘तेव्हा कसं केलं होतं’ हे विचारून व्यवस्था लागली. यावर कुणी भाषण केलं नाही. पंजा हा पेठेचा, एवढंच.

तालमीचं गुणगान इथेच थांबवतो, कारण तिच्या उणिवाही ठळक आहेत. ती पुरुषांची आहे. फळ्यावर बाईचं नाव येतं ते बहुधा मयताच्या बातमीत. वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्याला ‘तू किती दिलेस’ असा उलटा प्रश्न येतो. आणि नगरसेवक होऊ पाहणारा पहिल्यांदा मंडळाचा अध्यक्ष होतो, मग मंडळाला साउंड सिस्टीम देतो आणि मग मत मागतो. डॉल्बीच्या भिंतीपुढे भक्ती किती आणि प्रचार किती, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

बायकांचा प्रश्न गाभाऱ्यानंही चव्हाट्यावर आणला. १९५६ च्या राज्याच्या कायद्यानं सार्वजनिक देवळात प्रवेश नाकारता येत नाही. तो स्त्रियांनाही लागू आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१६ रोजी स्पष्ट केलं. त्याच महिन्यात मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या आणि त्यांना धक्काबुक्की झाली. देवी बाई, दर्शनाला लोटणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका, आणि आत जायला कोर्टाचा कागद. त्यानंतर वर्षभरानं, जून २०१७ मध्ये, देवीला नेहमीच्या नऊवारीऐवजी घागरा-चोळी नेसवली गेली आणि गावात ठिणगी पडली. एका वस्त्रावरून सुरू झालेला वाद आठवड्याभरात मुळावर गेला: वंशपरंपरेनं पूजेचा हक्क कुणाला, देणगी कुणाची, हिशेब कुठे? ‘पुजारी हटाव’ म्हणत भाविकच पुढे आले. सत्यशोधकांनी शंभर वर्षांपूर्वी विचारलेलं हे आता कपाळाला कुंकू लावून विचारलं जात होतं. मार्च २०१८ मध्ये विधिमंडळानं अंबाबाई मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. पगारी पुजारी नेमण्याची तरतूद झाली. अंमलबजावणीसाठी मात्र पुढेही निवेदनंच द्यावी लागली. कायदा करवून घेण्याचा दम कोल्हापूरकरांत भरपूर आहे; तो राबवून घेण्याचा कंटाळाही तितकाच.

बायकांच्याच प्रश्नावर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये, शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, विधवांचं कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. त्याच महिन्यात सरकारनं तसं परिपत्रक राज्यभर काढलं. गावच्या ठरावामागून मंत्रालयानं यावं, असं क्वचित घडतं.

आणि मग ७ जून २०२३. आदल्या दिवशी राज्याभिषेक दिन, तोही ३५० व्या वर्षाचा. काही पोरांनी औरंगजेब आणि टिपूचं गुणगान करणारे स्टेटस ठेवले. दुसऱ्या दिवशी बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, इंटरनेट बंद. ते स्टेटस निंद्यच होते. पण त्यांची शिक्षा ज्या दुकानांना मिळाली त्यांच्या मालकांचा त्यांच्याशी संबंध काय? त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. हाक फोनवरून फिरली होती. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात तेच झालं. अतिक्रमणविरोधी मोहिमेची हाक संभाजीराजे छत्रपतींनी दिली होती. गडाखालच्या वस्तीतल्या मुस्लिम घरांवर आणि मशिदीवर जमाव तुटून पडला. दोन दिवसांनी तिथे विचारपूस करायला गेले ते संभाजीराजेंचेच वडील, तेव्हा नुकतेच खासदार झालेले शाहू छत्रपती.

मतदार याचा निकाल कसा लावतो? सरळ लावत नाही. शिवाजी पेठ ज्यात येते त्या कोल्हापूर उत्तरच्या एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत हिंदुत्वाचा प्रचार जोरात होता. निकाल लागला नेमका हनुमान जयंतीला आणि काँग्रेसच्या जयश्री जाधव निवडून आल्या. जून २०२४ मध्ये शाहू छत्रपती काँग्रेसच्या चिन्हावर दीड लाखांहून अधिक मतांनी लोकसभेत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या दहाच्या दहा विधानसभा जागा महायुती आणि तिच्या समर्थकांकडे. या लोकांना धर्मवेडे म्हणणारे आणि पुरोगामी म्हणणारे, दोघेही अर्धी यादी वाचतात.

२०२५ च्या पावसाळ्यात नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या ‘वनतारा’त गेली. ३ ऑगस्ट २०२५ च्या रविवारी नांदणी ते कोल्हापूर अशी पदयात्रा निघाली, राजू शेट्टी पुढे, आणि मागे जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम सगळे. वनतारा आणि जिओ एकाच उद्योगघराण्याचे, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. दोनच दिवसांत मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली आणि वनताराला नांदणीतच हत्तींसाठी केंद्र काढण्याची भाषा करावी लागली. हत्तिणीच्या पायांचं दुखणं खोटं नव्हतं. न्यायालयानं तिचा विचार आधी केला, त्यात मला चूक दिसत नाही आणि मोर्चात त्यावर फार कमी बोललं गेलं. पण हजारो माणसं दगड न उचलता चालत येतात आणि देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगघराण्याला बोलावंसं वाटायला लावतात, याला या जिल्ह्यातली जुनी सवय कारणीभूत आहे.

नोव्हेंबर २०२० पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेची निवडणूक अखेर २०२६ मध्ये झाली. चौंडीच्या मे २०२५ मधल्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्याला १,४४५ कोटी ९७ लाख रुपयांची मंजुरी मिळाली आहे. कुणाची घरं जाणार, कुणाचं दुकान हलणार, कंत्राट कुणाला, हे सगळं देवीच्या नावानं होणार. पेठेतल्या प्रत्येक तालमीनं त्या आराखड्याची प्रत मागवावी, चौकात जाहीर वाचावी, बायकांना पुढच्या रांगेत बसवून वाचावी, आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्यातलं पान उघडून प्रश्न विचारावा. उत्तर देता आलं नाही तर प्रसाद द्यावा, मत देऊ नये.