आगोटीच्या यादीत नसलेल्या वस्तू

पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवणे ही कोकणातील गृहव्यवस्थेची जुनी शिस्त आहे. या बेगमीला ‘आगोट’ असे म्हणतात. वैशाख सरू लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत अंगणोअंगणी आमसुले, फणसपोळी, सांडगी मिरची आणि सुके मासे उन्हात वाळताना दिसतात. तांदूळ, कुळीथ, मीठ व मसाला भरून ठेवला जातो. जळाऊ लाकडे पडवीत रचली जातात. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात नदीनाल्यांना पूर येऊन वाट बंद झाली, तरी घरातील चूल बंद पडत नसे, याचे श्रेय या आगोटीला आहे.

तथापि, आगोट ही संथपणे येणाऱ्या व आगाऊ ठाऊक असलेल्या पावसाळ्यासाठी आखलेली व्यवस्था आहे. चक्रीवादळ हे संकट वेगळ्या जातीचे आहे. दिनांक १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. वादळाने येथे जमीन गाठली नाही. ते १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. तरीही त्याच्या नुसत्या जाण्याने जिल्ह्यात घरांची छपरे उडाली, आंबा व माडांच्या बागा आडव्या झाल्या, होड्यांचे नुकसान झाले आणि विजेचे खांब कोसळून अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला. मृग नक्षत्रास अद्याप तीन आठवडे अवकाश होता.

अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम असतात : एक मे-जूनचा व दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर आलेले ‘क्यार’ ही दुसऱ्या हंगामाची उदाहरणे होत. म्हणजे पहिले संकट आगोट पुरी होण्यापूर्वी येऊ शकते आणि दुसरे ती संपल्यानंतर. शिवाय आजचे घर पूर्वीच्या घरापेक्षा विजेवर अधिक अवलंबून आहे. अशा वेळी घरात तांदूळ असतो. अडते ते क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंवाचून.

पाणी : विहीर आहे, दोर नाही

किनारपट्टीवर घरोघरी विहिरी आहेत. परंतु पंप बसल्यापासून अनेक विहिरींवरील रहाट निघाले आणि दोर कुजून गेले. वीज गेली की पाणी डोळ्यांसमोर असूनही हाती येत नाही. मजबूत दोर, कप्पी व कळशी या तीन वस्तू प्रत्येक विहिरीपाशी असणे हीच पहिली पूर्वतयारी होय. वादळाची सूचना मिळताच पिण्याचे पाणी भरून ठेवावे. माणशी रोज चार लिटर धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास तीन दिवसांसाठी साठ लिटर पाणी लागते. कुटुंबात गुरे असतील तर त्यांची तरतूद वेगळी करावी लागेल.

अतिवृष्टीनंतर विहिरीचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी दर एक हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीचे विरंजक चूर्ण, म्हणजे ग्रामपंचायतीस परिचित असलेली टीसीएल पावडर, लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर खोल पाणी असेल, तर ते सुमारे चौदा हजार लिटर भरते. त्यास ३५ ग्रॅम पावडर पुरते. पावडर टाकल्यावर किमान एक तास पाणी उपसू नये. ही पावडर दमट हवेत निकामी होते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावी. विहिरीत समुद्राचे पाणी शिरले असल्यास मात्र या उपायाने खारेपणा जात नाही. त्यासाठी साठवलेले गोडे पाणीच उपयोगी पडते.

उजेड, वार्ता आणि पैसा

विजेरी बहुतेक घरांत असते. पण खाऱ्या हवेत तिच्यातील सेल पाझरतात व ऐन वेळी ती पेटत नाही. सेल विजेरीबाहेर, कोरड्या डबीत ठेवावेत. काडेपेटी व मेणबत्तीही झाकणाच्या बरणीत असावी. सेलवर चालणारा रेडिओ अडगळीत टाकण्याजोगा नाही : मोबाइलचा मनोरा बंद पडला की बाहेरची वार्ता मिळण्याचे तेच साधन उरते. नातलग, तलाठी, सरपंच व आरोग्य केंद्र यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. बंद पडलेल्या मोबाइलमधील क्रमांक कोणाच्याच कामी येत नाहीत. त्याच कागदावर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक असावेत. वीज व संपर्क तुटल्यावर बँकेचे यंत्र आणि मोबाइलद्वारे पैसे देण्याची सोय दोन्ही थांबतात, म्हणून थोडी रोकड लहान नोटांत घरी असणे इष्ट होय.

औषधे व व्यक्तिगत गरजा

रक्तदाब, मधुमेह, दमा यांसारख्या विकारांवरील औषधे किमान आठवडाभर पुरतील इतकी शिल्लक असावीत व सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असावी. शीतकपाट बंद पडल्यास इन्सुलिनची कुपी ओल्या कापडाने वेढलेल्या मातीच्या मडक्यात, ती स्वतः कोरडी राहील अशा रीतीने ठेवावी. जुलाबावर जलसंजीवनीची पाकिटे हाताशी असावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून ते पाणी रुग्णास द्यावे. वृद्धांचा जादा चष्मा, स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅड, तान्ह्या मुलाचे दूध व कपडे, साबण या वस्तूंचा विसर सर्वांत सहज पडतो. घर सोडून निवाऱ्याला जावे लागते, तेव्हा त्यांची उणीव सर्वाधिक जाणवते.

कागदपत्रे आणि हत्यारे

नुकसानीचा पंचनामा होतो, तेव्हा कुटुंबाची ओळख व मालकी कागदांवरून पटवावी लागते. सातबारा उतारा, घरपट्टीची पावती, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पासबुक, तसेच मच्छीमार कुटुंबात होडीची नोंदणी व विम्याची कागदपत्रे दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत.

पडलेला माड वाट अडवतो. त्यासाठी धार लावलेला कोयता, करवत व दोरखंड हवेत. उडालेल्या कौलांच्या जागी अंथरण्यासाठी ताडपत्री हवी. मात्र झाडाखाली विजेची तार असल्यास वीजप्रवाह बंद असल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांकडून होईपर्यंत कोणीही तेथे हात घालू नये.

हे सारे साहित्य एकाच पिशवीत, घरातील प्रत्येकास ठाऊक असलेल्या उंच जागी असावे. कर्ली खाडी व समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावांत ती पिशवी उचलून चालता येईल इतकी हलकी असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. दोर-कळशी, कोयता व ताडपत्री या जड वस्तू अर्थातच वेगळ्या ठेवाव्या लागतील.

दोन ग्रामसभा, दोन तपासण्या

या पूर्वतयारीस मोठा खर्च नाही. लागते ती वेळेवर आठवण. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण कार्य करते. परंतु वादळानंतरचे पहिले काही तास, रस्ते मोकळे होईपर्यंत, घराला व वाडीला स्वतःच्या बळावर काढावे लागतात. राज्यात १ मे व २ ऑक्टोबर रोजी ग्रामसभा भरतात आणि वादळांचे दोन्ही हंगाम नेमके त्यांच्या पाठोपाठ येतात. या दोन सभांत पंचायत सदस्यांनी यादीचे वाचन केल्यास आणि सार्वजनिक विहिरींचे दोर व रहाट तपासल्यास वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज पडणार नाही. शिक्षकांनी हीच यादी विद्यार्थ्यांकडून घरी पडताळून घ्यावी. विहिरीतील पाण्याचे व पावडरीचे गणित तर वर्गातच सोडवता येईल. खंडेनवमीस घरातील हत्यारे घासूनपुसून पुजली जातात. त्याच दिवशी विजेरीचे सेल व औषधांच्या मुदतीही पाहिल्या जाव्यात.

आगोटीची शिस्त या किनाऱ्याला नव्याने शिकवावयाची नाही. तिच्या यादीत एक दोर, एक काडेपेटीची बरणी आणि कागदांची एक पिशवी एवढी भर घालावयाची आहे.