अंदाजपत्रकातील वजाचे चिन्ह

कोइमतूरच्या एखाद्या सूतगिरणीचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक म्हणजे आकड्यांची साखळीच होय. कापसाचा भाव चढला की उत्पादनखर्च, विक्रीची किंमत, नफा, सारेच नव्याने मांडावे लागते. कागदावर हे काम पेन्सिल व खोडरबर घेऊनच करावे लागे. 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या अमेरिकन तरुणांचा ‘व्हिजिकॅल्क’ हा संगणकीय तक्ता बाजारात आला. त्यात एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलत.

सोय वाढली तशी तक्त्यांची संख्याही वाढली. प्रत्येक विभागाचा तक्ता निराळा, आणि एकातील आकडे दुसऱ्यात हातानेच उतरवायचे! 1994 च्या अखेरीस अमेरिकेतील फिडेलिटी कंपनीच्या मॅगेलन निधीत असे उतरवताना वजाचे चिन्ह गळले. 1.3 अब्ज डॉलरचा तोटा नफा ठरला. उणे ते अधिक, म्हणून चूक दुप्पट, 2.6 अब्जांची, गुंतवणूकदारांना सांगितलेली वाटणी रद्द झाली.

आजची मेघसंगणन पद्धती, जिला सारे ‘क्लाउड’ म्हणतात, ही उतरवणीच टाळू पाहते. तक्ता एकच, दूरच्या संगणककेंद्रात. गिरणी व तिची कोलकात्याची विक्रीकचेरी त्यातच आपापले आकडे भरतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. कापसाचा पुढील भाव मात्र माणसानेच गृहीत धरावयाचा असतो, आणि तो चुकला तर चूकही क्षणार्धात सर्व विभागांत पोहोचते. म्हणून जाणता हिशेबनीस चढा, मध्यम व उतरता असे तीन भाव धरून तीन अंदाजपत्रके शेजारी शेजारी मांडतो.