ट्रकमध्ये नवा साउंड बसविण्यापूर्वी

कापडाच्या व्यापाऱ्याने विजेच्या तारेवर लिहावे, याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. आमचे अर्धे आयुष्य मालेगाव-भिवंडीच्या ग्रे कापडाच्या गाठी बांधून पाली, बालोत्रा आणि सुरतेकडे रवाना करण्यात गेले. माल ट्रकमध्ये चढला की व्यापाऱ्याची झोप ट्रकच्या चाकांबरोबर जाते. ट्रकच्या केबिनमध्ये काय चालले आहे, याची पर्वा आम्ही पूर्वी करीत नव्हतो. २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या भाच्याच्या दहाचाकी गाडीत चांदवडच्या घाटाखाली धूर झाला, तेव्हापासून करू लागलो.

गाडीत आमचा माल होता. भाच्याने आठवड्यापूर्वीच हौसेने नवा अ‍ॅम्प्लिफायर, दोन वूफर आणि चार स्पीकर बसवून घेतले होते. कोठे बसविले ते सांगण्यात अर्थ नाही. असे काम करणारी दुकाने प्रत्येक नाक्यावर आहेत. बॅटरीपासून केबिनपर्यंत आणलेली तार चेसिसच्या लोखंडी कडेवरून उघडी गेली होती. हादऱ्याने तिचे प्लॅस्टिक घासले, तांबे लोखंडाला लागले आणि मध्ये फ्यूज नसल्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांचा सगळा जोर त्या एका तारेतून वाहिला. तार लाल झाली. ड्रायव्हर शहाणा निघाला. त्याने गाडी बाजूला घेऊन पान्याने बॅटरीचे टर्मिनल सोडले. ताडपत्रीची एक कड आणि पुढच्या गाठीचे बारदान करपले, एवढ्यावर भागले. सुती कापडाला आग लागल्यावर काय राहते, हे कापडवाल्यांना वेगळे सांगावयास नको.

तेव्हापासून आम्ही दोन-तीन जाणत्या ऑटो वायरमनजवळ बसून, प्रश्न विचारून ही विद्या थोडीफार समजून घेतली. ती आमच्या ट्रकमालक आणि कारागीर बांधवांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर २००० वॉट, ३००० वॉट असे मोठे आकडे छापलेले असतात. ते क्षणभराच्या उच्चांकाचे, आणि पुष्कळदा तेही नव्हेत. खरा आकडा आत मिळणाऱ्या कागदावर ‘आरएमएस’ या अक्षरांपुढे असतो. तो समजा प्रत्येकी ७५ वॉटचे चार चॅनल, म्हणजे ३०० वॉट असेल, तर जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरला तेवढा आवाज काढण्यासाठी सुमारे साडेपाचशे वॉट खावे लागतात; बाकीची उष्णता होऊन जाते. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. साडेपाचशेला साडेतेराने भागा, ४० अँपिअर आले. नव्या ‘डी क्लास’ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाया जाणे कमी असते, त्यामुळे त्याच आवाजाला तीस अँपिअरच्या आत भागते. गाणे चालू असताना सतत एवढी वीज लागत नाही, सरासरी बरीच कमी पडते. तरी तार पूर्ण भाराच्या हिशेबानेच घ्यावी, कारण ड्रायव्हर आवाजाचे बटन कोठवर फिरवील हे दुकानदाराच्या हातात नाही.

आता तारेकडे वळू. येथे आम्हा कापडवाल्यांना विषय चटकन समजतो. ४० नंबरचे सूत २० नंबरच्या सुतापेक्षा बारीक असते. नंबर वाढला की सूत बारीक. तारेच्या गेजचेही अगदी तसेच आहे. साउंडच्या दुकानात मिळणारी ४ गेजची तार सुमारे २१ चौरस मिलिमीटर जाड, ८ गेजची सव्वाआठच्या आसपास आणि १२ गेजची जेमतेम सव्वातीन. जुने वायरमन ३/२२, ७/२० असे बोलतात. त्यात पहिला आकडा किती तारा आहेत याचा आणि दुसरा प्रत्येक तारेच्या गेजचा. गोंधळ नको असेल तर दुकानात सरळ चौरस मिलिमीटर विचारावे.

जाडीने काय फरक पडतो? घराच्या वायरिंगमध्ये नेहमी दिसणारी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या. बॅटरीपासून केबिनपर्यंत सहा मीटर जाण्याचे आणि सहा मीटर परतीचे, असे बारा मीटर झाले. त्यातून ४० अँपिअर नेले तर वाटेतच सुमारे ३.३ व्होल्ट गळतात. साडेतेरा व्होल्ट निघाले आणि अ‍ॅम्प्लिफायरला सव्वादहा पोहोचले. आवाज फाटतो, मिस्त्री म्हणतो स्पीकर बदला. स्पीकर बदलतात, आवाज तसाच. आणि गळालेली वीज कोठे गेली? तारेत सव्वाशे-दीडशे वॉटची उष्णता होऊन बसली, जणू आसनाखाली एक मोठा बल्ब पेटवून ठेवला. तीच तार सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते.

येथे बाजारातील एक लबाडी सांगितली पाहिजे. खळ भरून जड केलेले कापड एका धुलाईत विरविरीत होते, हे आपण जाणतो. तारेतही खळ असते. बाहेरून जाडजूड, रंगीत, पारदर्शक प्लॅस्टिक आणि आत तारेचा पुंजका बारीक. दुसरा प्रकार याहून फसवा: अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. दिसायला तांबे, भाव अर्धा, पण वीज वाहण्याची ताकद शुद्ध तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांश. शिवाय तारा ठिसूळ, हादऱ्याने तुटतात. ब्लेडने एक तार खरवडून पाहावी, आतून पांढरी निघाली की समजावे. वजनही हाताला हलके लागते. ती तार घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पण तांब्याच्या भावाने घेऊ नये आणि घेतली तर एक-दोन माप जाड घ्यावी. घराच्या वायरिंगची एकसंध जाड तार मात्र ट्रकमध्ये कधीच नको. ट्रकला अनेक बारीक तारांची लवचिक केबलच लागते.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे सर्वांत जास्त पैसा बुडतो आणि कोणाला कळतही नाही. टेम्पो, पिकअप यांसारख्या लहान गाड्या १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात आणि ते १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून मिळवलेले असतात. बाजारातला बहुतेक साउंड १२ व्होल्टचा. मग पुष्कळ मिस्त्री काय करतात, दोन बॅटऱ्यांपैकी चेसिसकडच्या एका बॅटरीवरूनच १२ व्होल्टची तार काढून देतात. गाणे लागते, गिऱ्हाईक खुश, मिस्त्रीचे काम संपले.

हे दोन भागीदारांच्या पेढीसारखे आहे. अल्टरनेटर दोघांच्या खात्यात सारखीच रक्कम जमा करतो, कारण बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असल्याने दोन्हींतून एकच प्रवाह जातो. उचल मात्र एकाच्याच खात्यातून जास्त होते. ज्या बॅटरीवर साउंड आहे ती रोज थोडी थोडी रिकामी राहते, पूर्ण चार्ज कधीच होत नाही. दुसरी भरलेली असूनही तिच्यात भरणा चालूच राहतो. रेग्युलेटर फक्त दोघांची बेरीज पाहतो. बेरीज २८ असली आणि एका बॅटरीवर पावणेतेराच असतील, तर दुसरीवर सव्वापंधरा चढतात आणि तिचे पाणी उकळते. एक उपाशी मरते, दुसरी अजीर्णाने. भाच्याने त्याआधीच्या गाडीत तीन वर्षांत बॅटऱ्यांचे तीन जोड बदलले होते आणि दोष बॅटरीवाल्याला देत होता. मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या असत्या तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. इंजिन चालू असताना दोघींमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला की अशी जोडणी कोणी केली आहे का, ते पहिल्यांदा शोधावे.

यावर रास्त उपाय २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखे घेतो. लोक खर्च पाहून टाळतात. बॅटरीच्या एका जोडाच्या किमतीशी ताडून पाहावे, मग टाळणार नाहीत. कन्व्हर्टरवर अँपिअर लिहिलेले असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पूर्ण मागणीहून थोडा मोठाच घ्यावा. आणि बसविताना तो बॅटरीपाशी न बसविता केबिनमध्ये, अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवावा. कारण २४ व्होल्टच्या बाजूला तेवढ्याच कामासाठी प्रवाह निम्मा लागतो. आपल्या हिशेबातले ४० अँपिअर बॅटरीकडच्या लांब तारेत २२ च्या आसपास होतात. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेतील उष्णता चौथाईवर येते. तेव्हा तेथे दहा चौरस मिलिमीटरची तार पुरते आणि सोळाची फक्त शेवटच्या दोन-तीन फुटांत लागते. तारेवर वाचलेले पैसे कन्व्हर्टरच्या किमतीत वळते करता येतात. नुसता प्लेअर बदलायचा असेल तर १२ आणि २४ दोन्हींवर चालणारे ब्लूटूथ प्लेअर मिळतात. पण पाठीमागचे लेबल वाचल्याशिवाय २४ ला लावू नयेत. फक्त १२ चा असेल तर एका क्षणात जळतो.

फ्यूज. या एका शब्दासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. केबिनमध्ये अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवील, पण बॅटरीपासून तेथवरची सहा मीटर तार उघडीच राहिली. भाच्याच्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगचा फ्यूज होता आणि तो धूर निघाल्यावरही साबूत होता! फ्यूज मागणीपेक्षा थोडा जास्त, पण तार झेपू शकेल त्यापेक्षा कमीच असावा. वरच्या उदाहरणात २२ अँपिअरची मागणी आणि दहा चौरस मिलिमीटरची तार, तर ३० चा फ्यूज. तो वारंवार उडत असेल तर कारण शोधावे. जागेवर सिगारेटची चांदी किंवा तारेचा तुकडा लावणारा क्लीनर आम्ही स्वतः पाहिला आहे.

तार नेण्याच्या वाटेबद्दल: पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बुश हवा, चेसिसवरून नेताना लवचिक पाइप हवा, सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून अंतर हवे. नव्या गाड्यांची केबिन पुढे झुकते, तेथे बिजागरीपाशी तारेला सैल वळसा ठेवावा, नाहीतर पहिल्यांदा केबिन उचलताच ताण येतो. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नये. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि महिन्याभरात टेप सुटून लोंबतो. थिंबल दाबून, वर आकसणारी स्लीव्ह चढवून बोल्टने आवळावा. परतीच्या अर्थ तारेची जाडी आणणाऱ्या तारेएवढीच हवी, आणि ती जेथे लावणार तेथील रंग घासून चकचकीत लोखंड काढावे. रंगावर बोल्ट आवळणे म्हणजे न लावल्यासारखेच.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा ‘कुंई’ आवाज स्पीकरमध्ये येत असेल, तर बहुतेक वेळा दोष या अर्थमध्ये, किंवा गाण्याची बारीक केबल विजेच्या जाड तारेच्या जोडीने बांधल्यात असतो. एक डाव्या बाजूने नेली तर दुसरी उजव्या बाजूने न्यावी.

२०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांबाबत कारागीर बांधवांनी विशेष काळजी घ्यावी. या गाड्यांत इंजिन, धूर आणि ब्रेकचे सेन्सर बारीक जोड-तारांवर बोलत असतात. डॅशबोर्डखाली हात घालून कोणतीही तार सोलून करंट घेण्याची जुनी सवय येथे महागात पडते. गाडी जागेवर थांबते आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. स्वतःची स्वतंत्र फ्यूजवाली तार बॅटरीवरून आणावी, आणि चावीबरोबर चालू-बंद करण्यासाठी छोटा रिले लावावा. अल्टरनेटरच्या पाटीवर लिहिलेला आकडाही एकदा वाचावा. दोन हेडलाइट २४ व्होल्टवर साधारण सहा अँपिअर घेतात, पावसात वायपर, त्यात आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाल्याने त्याचे पंखे आले. या सगळ्यांतून जे उरेल ते साउंडचे.

इंजिन बंद असताना हा हिशेबही राहत नाही, सगळा भार बॅटरीवर पडतो. मालाच्या प्रतीक्षेत गोदामाबाहेर रात्रभर गाणी लावून पहाटे सेल्फ न मारणाऱ्या गाड्या आम्ही हमालांकडून ढकलून घेतल्या आहेत. १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.२ च्या खाली गेली की साउंड आपोआप बंद करणारे कटऑफ मिळते. काही कन्व्हर्टरमध्ये ते आतच असते.

अ‍ॅम्प्लिफायर ड्रायव्हरच्या झोपण्याच्या गादीखाली सरकवून देण्याची पद्धत आहे. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यावर गादी, रजई, कधी आमच्याच नमुन्याच्या ताक्याचे तुकडे. मागच्या भिंतीवर उभा, चारी बाजूंनी चार बोटे हवा ठेवून लावावा.

भाच्याने पुढे काम पुन्हा करून घेतले, ते एका वयस्क मिस्त्रीकडून. त्याने मजुरी दुप्पट सांगितली. भाचा घासाघीस करू लागला तेव्हा आम्ही त्याला गप्प केले. मिस्त्रीने काम संपल्यावर अर्धा तास पूर्ण आवाजात गाणे लावून ठेवले आणि मग फ्यूजची डबी, प्रत्येक थिंबल आणि तार मधोमध हाताने चाचपून पाहिली. एक थिंबल कोमट लागले. त्याने ते कापून टाकले आणि दुसरे लावले.